आत्याच्या घराची शिष्यवृत्ती

(१९९७ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला निरोप पाठवला तेव्हा सांगितलं होतं, "तू कॉम्प्युटरवाली आहेस, तर एआयवर दहा मिनिटं बोल." एआयवर आपल्या ग्रुपवर रोज सकाळी 'शुभ प्रभात'च्या मागोमाग काही ना काही येतच असतं. त्यात मी भर घालत नाही. आज मला एका वेगळ्या गोष्टीबद्दल बोलायचं आहे. शेवटी मी तुमच्याकडे पैसेही मागणार आहे. आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना चहाला उठायचं असेल त्यांनी आत्ताच उठावं!

सुरुवात मात्र आपल्या बाईंच्या डालड्याच्या डब्यापासून करते. आठवतो ना? आठवीत विज्ञानाच्या बाईंनी वनस्पती तुपाचा एक रिकामा डबा आणला आणि व्हरांड्याच्या कडेला ठेवला. रोज सकाळी प्रार्थनेआधी, हजेरीच्या क्रमांकाप्रमाणे, ज्याची पाळी असेल त्याने फूटपट्टी बुडवून पाणी मोजायचं, वहीत लिहायचं आणि डबा ओतून पुन्हा ठेवायचा. पावसाची खोली म्हणजे डब्यातल्या पाण्याची खोली, इतकं सोपं गणित. आठवड्याभरात आपल्यातल्या निम्म्यांना त्याचा कंटाळा आला होता.

मग एक दिवस आपल्या वर्गातली एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, डब्यात पागोळीचं पाणी पडतंय. या सगळ्या नोंदी चुकीच्या आहेत." आपण सगळे तिच्यावर चिडलो, कारण पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार होती. बाई चिडल्या नाहीत. त्यांनी तिलाच विचारलं, "मग कुठे ठेवू या?" तिने मैदानाच्या मधोमध जागा दाखवली, डबा कलंडू नये म्हणून भोवती चिरे लावले, आणि आधीच्या नोंदींवर एक आडवी रेघ मारून शेजारी लिहिलं, 'पागोळीचं पाणी. धरू नये.' त्या वर्षी जुलैची बेरीज ११२ सेंटिमीटर आली. तो आकडा माझ्या डोक्यात कायमचा बसला.

आता पाच-सहा वर्षं पुढे या. मी मुंबईत इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होते. खरं सांगायचं तर त्या वर्षात मी जितकी कंटाळले तितकी आयुष्यात कधी कंटाळले नाही. प्रयोगशाळेत चार जणांनी एका यंत्राभोवती उभं राहायचं. रीडिंग नीट आलं नाही तर वरच्या वर्षाच्या मुलांची जर्नल आणायची, त्यातले आकडे थोडे मागेपुढे करायचे आणि सबमिशन करायचं. उत्तर काय यायला हवं हे सगळ्यांना आधीच ठाऊक असायचं. आठवीत आपण चुकीच्या नोंदींवर रेघ मारली होती. पहिल्या वर्षाला मी बरोबर दिसतील अशा नोंदी बनवायला शिकले.

त्या वर्षाच्या शेवटी स्थापत्य विभागातल्या एका सरांनी वर्गात विचारलं, "सुट्टीत कोणी काम करेल का? पैसे नाहीत. लोकलचा पास मी काढून देईन." रस्त्याखालच्या मोऱ्या किती मोठ्या ठेवाव्यात याचा ते अभ्यास करत होते. त्यासाठी कोकणातल्या जुन्या पर्जन्यनोंदी कॉम्प्युटरमध्ये भरायच्या होत्या. मी हात वर केला. हुशार होते म्हणून नव्हे, मला कॉम्प्युटर हवा होता म्हणून. तेव्हा कॉलेजात कॉम्प्युटरसमोर बसायला आठवड्यातून दोन तास मिळायचे.

तिसऱ्या आठवड्यात एका केंद्राची नोंदवही माझ्यासमोर आली. जुलैची बेरीज होती ३८. सगळ्या तक्त्याला मथळा होता 'मिलिमीटर'. मी सरांकडे गेले आणि म्हटलं, "सर, हे चुकलंय. ३८ मिलिमीटर पाऊस आमच्याकडे जेवायला बसण्याआधी पडतो." सर हसले, पण 'तुला काय कळतं' असं म्हणाले नाहीत. ते म्हणाले, "सिद्ध कर."

त्याला मला नऊ दिवस लागले. शेजारच्या केंद्रांचे आकडे काढले, जुन्या वह्यांची पानं उलटली, तेव्हा कुठे एका वहीच्या पहिल्या पानावर 'इंच' असा शब्द सापडला. नोंद ठेवणाऱ्याने जुनी सवय सोडलेली नव्हती आणि पुढे कोणीतरी तो आकडा तसाच मिलिमीटरच्या रकान्यात उतरवला होता. ३८ इंच म्हणजे ९६५ मिलिमीटर. आता तो आपला जुलै दिसायला लागला. तो आकडा तसाच राहिला असता तर त्या भागातल्या मोरीचा हिशेब फारच लहान निघाला असता, आणि लहान मोरीचं पहिल्या मोठ्या पावसात काय होतं हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको.

मी शोध वगैरे काही लावला नव्हता, फक्त एक चूक पकडली होती. पण ती चूक त्या अख्ख्या विभागात मला दिसली, कारण माझ्या डोक्यात बाईंच्या डब्यातले ११२ सेंटिमीटर होते. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की या मोठ्या इमारतीत माझंही काही काम आहे. आज मी सॉफ्टवेअरमध्ये जे करते त्याचं मूळ त्या नऊ दिवसांत आहे. आकडा आला की आधी विचारायचं, कुठून आला आणि कोणत्या एककात आला.

हे पहिल्याच वर्षी का व्हावं, यावर जगात बराच विचार झालेला आहे. एडविन लँड हे नाव तुम्ही कदाचित ऐकलं नसेल, पण त्यांचा कॅमेरा पाहिला असेल. फोटो काढला की लगेच कागद बाहेर येतो तो पोलरॉइड. हे गृहस्थ स्वतः हार्वर्ड विद्यापीठातून पहिल्या वर्षानंतर बाहेर पडले होते. १९५७ साली त्यांनी अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत एक व्याख्यान दिलं. त्याचा मथितार्थ असा : मुलं मोठ्या उमेदीने इथे येतात आणि पहिल्याच दिवसापासून आपण त्यांना सांगतो की खरं काम करायला अजून बरीच वर्षं आहेत. त्या वर्षांत त्यांची उमेदच विझते. म्हणून आल्याआल्या प्रत्येक मुलाला स्वतःचा एक प्रश्न द्या आणि वाट दाखवणारा एक प्राध्यापक द्या.

व्याख्यान झालं, टाळ्या झाल्या, आणि पुढची बारा वर्षं ते तसंच राहिलं. १९६९ मध्ये मार्गारेट मॅकव्हिकर या तरुण भौतिकशास्त्रज्ञ बाईंनी लँड यांच्या पाठिंब्याने एमआयटीत ही योजना प्रत्यक्षात आणली. तिला 'यूरॉप' म्हणतात. पदवीच्या विद्यार्थ्याने प्राध्यापकाच्या चालू संशोधनात सामील व्हायचं आणि त्याबद्दल त्याला मानधन किंवा अभ्यासक्रमाचं श्रेय मिळायचं. पहिल्या वर्षाच्या मुलांनाही दार उघडं. आज तिथले बहुसंख्य विद्यार्थी पदवी घेण्याआधी एकदा तरी हे करतात.

मला यापेक्षा जवळचं उदाहरण वाटतं ते मिशिगन विद्यापीठाचं. १९८० च्या दशकाच्या अखेरीला तिथे असं दिसत होतं की कृष्णवर्णीय आणि इतर अल्पसंख्य घरांतली मुलं प्रवेश घेतात, पण पदवीपर्यंत टिकत नाहीत. म्हणून त्यांनी पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाच्या मुलांना प्राध्यापकांबरोबर संशोधनाला जोडलं. सुरुवात अगदी थोड्या जोड्यांनी झाली. नंतर त्याचा रीतसर अभ्यास झाला आणि तो १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. संशोधनात सामील झालेल्या काही गटांची, विशेषतः कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची, गळती कमी झाल्याचं त्यात दिसलं. हेही सांगायला हवं की पहिल्या वर्षापेक्षा दुसऱ्या वर्षाच्या मुलांमध्ये फरक जास्त होता. म्हणजे ही काही जादूची कांडी नाही. पण 'हुशार मुलांना आणखी हुशार करणं' एवढाच याचा उपयोग नाही. ज्याला आपण इथले नाही असं वाटतं, त्याला एक माणूस नावाने ओळखू लागतो आणि त्याच्या कामाची वाट पाहतो. त्यामुळे तो टिकतो.

आपल्याकडेही प्रयत्न झाले आहेत. केंद्र सरकारची 'किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजना' १९९९ मध्ये सुरू झाली. अकरावीपासून ते मूलभूत विज्ञानाच्या पदवीच्या पहिल्या वर्षापर्यंतच्या मुलांसाठी ती होती. १९९९ हे आपलंच बारावीचं वर्ष. आपल्यापैकी कोणी तेव्हा हे नाव ऐकलं होतं का? मी नव्हतं ऐकलं. २०२२ मध्ये ती 'इन्स्पायर' योजनेत विलीन झाली. इन्स्पायरच्या उच्च शिक्षण शिष्यवृत्तीची रचना बघण्यासारखी आहे. वर्षाला ८०,००० रुपये, त्यातले ६०,००० विद्यार्थ्याला आणि २०,००० उन्हाळ्यात एखाद्या संशोधकाच्या मार्गदर्शनाखाली प्रकल्प करण्यासाठी. म्हणजे मार्गदर्शक आणि सुट्टी या दोन्हींचा विचार त्यात आहे. ती मूलभूत विज्ञान शिकणाऱ्यांसाठी आहे, आणि मुख्यतः बारावीला बोर्डात वरच्या एक टक्क्यात असणाऱ्यांसाठी.

मुंबईत मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, टीआयएफआरचं. तिथे २००४ पासून 'नियस' नावाचा उपक्रम चालतो. पदवीच्या पहिल्या टप्प्यातल्या मुलांना सुट्टीत शिबिराला बोलावतात, राहण्याजेवणाची सोय करतात, आणि त्यातल्या निवडक मुलांना पुढे वैज्ञानिकांबरोबर दीर्घ प्रकल्प देतात. आपल्या शाळेतून बी.एस्सी.ला गेलेल्या किती मुलांना हे माहीत आहे? इथे बसलेल्या शिक्षकांना माझी विनंती आहे, ही दोन नावं बारावीला जाणाऱ्या मुलांच्या कानावर नक्की घाला.

आता नव्या शैक्षणिक धोरणात चार वर्षांची पदवी आली आहे आणि संशोधन चौथ्या वर्षात ठेवलं आहे. त्यासाठी पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण लागतात. मला धोरणावर टीका करायची नाही. पण लँड यांनी १९५७ मध्ये जे म्हटलं होतं ते इथेही लागू पडतं. चौथ्या वर्षापर्यंत जो टिकला आणि ज्याने गुण मिळवले, त्यालाच दार उघडतं. पहिल्या वर्षात जो गळून जातो त्याचं काय?

आता मूळ गोष्टीकडे येते. ज्या मुलीने डबा हलवला, तिचं काय झालं?

ती आज या सभागृहात आहे. हे सांगण्याआधी मी तिची परवानगी घेतली आहे. ती जिल्ह्याच्या कॉलेजात बी.एस्सी.ला गेली. पहिल्या वर्षाच्या शेवटी तिच्या वनस्पतिशास्त्राच्या सरांनी तिला विचारलं, "मे आणि जून इथेच राहशील का? पहिल्या पावसानंतर सड्यावर कोणतं गवत कोणत्या क्रमाने उगवतं त्याची नोंद ठेवायची आहे. तुझ्यासारखी बघणारी मुलगी हवी." यापेक्षा तिच्या हाताला शोभणारं काम मला सुचत नाही.

पण मे महिना म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. तिच्या वडिलांनी कलमं कराराने घेतली होती. आंबा उतरवायचा, निवडायचा, पेट्या भरायच्या. घरात चार हात होते, त्यातले दोन हिचे. वडिलांनी एकच प्रश्न विचारला, "पैसे मिळणार का?" मिळणार नव्हते. आणि खोलीचं भाडं वर द्यावं लागणार होतं. तिचे वडील वाईट नव्हते, त्यांचा हिशेब बरोबर होता. ती घरी आली, पेट्या भरल्या, आणि दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर कॉलेज सुटलं.

त्याच मे महिन्यात मी मुंबईत पावसाचे आकडे भरत होते. मलाही पैसे मिळणार नव्हते. मग मी कशी राहिले? कारण डोंबिवलीला माझी आत्या होती. दोन खोल्यांत पाच माणसं, त्यात मी सहावी. आत्याने माझ्या वडिलांना सांगितलं, "पोरीला राहू दे. एक ताट जास्त." बस, एवढंच. माझ्यात आणि तिच्यात बुद्धीचा फरक असेल तर तो तिच्या बाजूचा होता. माझ्या बाजूला आत्या होती.

बरीच वर्षं मी माझी गोष्ट 'मेहनतीची गोष्ट' म्हणून सांगत आले. कंपनीतल्या नव्या मुलांना भाषणंही दिली आहेत. अलीकडे ती सांगताना मी अडखळते.

गेल्या महिन्यात मी तिला फोन केला. ती आता स्वतःची कलमं बघते. बोलता बोलता म्हणाली की गेली कित्येक वर्षं ती एक वही ठेवते : कोणत्या झाडाला कधी मोहोर आला, कधी गळला, त्या दिवशी थंडी कशी होती. कोणी सांगितलं नाही, कोणी विचारलं नाही. मी तिला म्हटलं, "मेळाव्यात तुझ्याबद्दल बोलू का?" ती म्हणाली, "नाव घेऊ नकोस. पण पैशाचं सांग."

म्हणून पैशाचं सांगते.

आपल्या तुकडीने शाळेला कमान बांधून द्यायचं ठरवलं आहे. कमानीला माझा विरोध नाही. पण त्याबरोबर एक छोटी शिष्यवृत्ती सुरू करू या. आपल्या शाळेतून गेलेल्या दोन मुलांसाठी, दर वर्षी, पदवीच्या पहिल्या वर्षानंतरच्या सुट्टीत आठ आठवडे एखाद्या प्राध्यापकाबरोबर काम करण्यासाठी. हिशेब असा : आठवड्याला ३,००० प्रमाणे विद्यार्थ्याला २४,०००. राहणं आणि प्रवास १२,०००. साहित्य, झेरॉक्स, किरकोळ ४,०००. एका मुलाचे ४०,०००, दोघांचे ८०,०००. आपल्या ग्रुपवर ६२ जण आहेत. माणशी वर्षाला १,३०० रुपये.

त्या २४,००० बद्दल कोणी विचारेल, शिकायला मिळतंय तर मानधन कशाला? ते मुलासाठी जितकं आहे तितकंच घरच्यांसाठी आहे. वडिलांच्या त्या एका प्रश्नाला 'हो' असं उत्तर देता यावं म्हणून. आणि ते आधी द्यायचं, दर आठवड्याला, मुलाच्या खात्यात. 'बिलं द्या, मग देऊ' असं म्हटलं की ज्याच्या खिशात आधीच पैसे आहेत तोच येतो.

निवड गुणांवर नको. गुणांसाठी शिष्यवृत्त्या आहेत. अर्जदाराने एक पानभर लिहावं, मराठीत चालेल, की मला कोणता प्रश्न पडला आहे आणि मी तो कुठे पाहिला. आपल्या शाळेच्या एका शिक्षकाने त्याखाली दोन ओळी लिहाव्यात. पागोळीचं पाणी ज्याला दिसतं ते मूल त्या पानावरून ओळखता येईल.

प्राध्यापकांसाठी अट एकच : आठवड्यातून एक तास समोर बसून बोलायचं. हे सोपं नाही, ते मी जाणते. त्यांच्याकडे तपासायच्या पेपरांचे गठ्ठे असतात, समित्या असतात, आणि पहिल्या वर्षाच्या मुलाला शिकवण्यात जो वेळ जातो त्यात त्यांचं स्वतःचं काम दुप्पट झालं असतं. म्हणून जो मनापासून हो म्हणेल त्याच्याकडेच मूल पाठवायचं. दोन महिने नुसत्या बाटल्या धुवून घेणारा किंवा फाइली लावून घेणारा मार्गदर्शक नको. आणि हल्ली मुलांकडूनच पैसे घेऊन 'इंटर्नशिप'चं प्रमाणपत्र विकणारेही आहेत. माझ्याकडे नोकरीसाठी येणाऱ्या मुलांच्या अर्जांत अशी प्रमाणपत्रं ढिगाने असतात. "यात तू काय केलंस?" असं विचारलं की मुलं खाली बघतात. आपल्या शिष्यवृत्तीला प्रमाणपत्रच नको. मुलाने जूनमध्ये शाळेत यावं आणि नववीच्या वर्गाला अर्धा तास सांगावं : मी काय बघितलं, काय चुकलं, आणि काय अजून कळलेलं नाही. एवढाच अहवाल.

काही मुलं मध्येच सोडतील. काहींना कळेल की संशोधन आपल्याला जमणार नाही. तेही आठ आठवड्यांत कळलेलं बरं, पाच वर्षांनी कळण्यापेक्षा. पैसे परत मागायचे नाहीत.

आणि शेवटचं. पैशापेक्षाही मला तुमच्याकडून एक गोष्ट हवी आहे. आपण ६२ जण आज पुणे, मुंबई, कोल्हापूर, नाशिक, गोवा, कुठे कुठे राहतो. ज्यांच्या घरात एक खोली, निदान एक गादी मोकळी आहे, त्यांनी आपलं नाव बाहेर ठेवलेल्या वहीत लिहावं. मुलीला परक्या शहरात दोन महिने पाठवताना आईवडील रकमेइतकाच विचार करतात तो ती राहील कोणाकडे याचा. 'आमच्या शाळेतल्या एका माजी विद्यार्थिनीकडे' असं उत्तर त्यांना देता आलं तर निम्मं काम होईल.

माझी आत्या चौथीपर्यंत शिकली होती. संशोधन म्हणजे काय ते तिला शेवटपर्यंत नीट कळलं नाही. शेजारणींना ती सांगायची, "ती पाऊस मोजायला जाते." पण दोन महिने रोज सकाळी सहाला तिने माझा डबा भरला.

वहीत पहिलं नाव मी लिहिलं आहे. दुसरं नाव, मला आत्ताच कळलं, आपल्या त्या मैत्रिणीने लिहिलं आहे. तिने खाली टीपही दिली आहे : 'खोली आहे. मे महिन्यात आंबे मिळतील. पेट्या भरायला लावणार नाही.'